मी फक्त सोबत गेलो होतो

समुपदेशन हा शब्द माझ्या बायकोने उच्चारलाच नाही. उच्चारला असता तर मी तो एखाद्या परिपत्रकातला समजून बाजूला सारला असता. ती सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत एवढंच म्हणाली, "अहो, मले हल्ली झोप नाही येऊन राहिली. तेलीबांध्याले तलावापाशी एक मॅडम आहेत, नुसतं बोलतात माणसांशी. पण एकटीनं जायची हिंमत नाही होत. तुम्ही सोबत चला ना."

आता सोबत जाणं म्हणजे काय, हे आमच्यातल्या कुठल्याही नवऱ्याला शिकवावं लागत नाही. दाताचा डॉक्टर असो, बँक असो, सदर बाजारातला ब्लाउजवाला असो, आपण स्कूटर लावायची, बाहेरच्या बाकावर बसायचं आणि कोणीतरी टाकून दिलेलं वर्तमानपत्र वाचायचं. वीस वर्षं मी ते इमानाने करत आलो होतो. त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. उलट जरा बरंच वाटलं. गेली दोन वर्षं आमच्यात किराणा आणि गॅस सिलेंडर सोडून फारसं बोलणं उरलं नव्हतं, आणि तरी तिने मलाच विचारलं.

त्या दोन वर्षांबद्दल सांगायला हवं. मध्य प्रदेशाचे दोन भाग झाले तेव्हा मी भोपाळला सरकारी कचेरीत बाबू होतो. आम्हा सगळ्यांच्या हातात विकल्पाचा एकेक फॉर्म आला: भोपाळ की रायपूर? माझं उत्तर ठरलेलं होतं. भोपाळात माझी अकरा वर्षं गेली होती आणि त्या अकराही वर्षांत शेजारच्या टेबलावर माझा मित्र होता. मित्र म्हणजे काय, आमचे डबे एकत्र उघडायचे आणि कोणाच्या डब्यात काय आहे हे उघडायच्या आधी दोघांनाही माहीत असायचं. तोच आठवडाभर माझ्या मागे लागला. "अरे, नवीन राज्य, नवीन राजधानी. तिथे माणसं कमी पडणार, बढत्या भराभर मिळणार. आपण दोघंही जाऊ. टेबलं पुन्हा शेजारीशेजारी लावून घेऊ." मी रायपूर लिहिलं. यादी लागली तेव्हा माझं नाव रायपूरच्या यादीत होतं आणि त्याचं भोपाळच्या. त्याने भोपाळच लिहिलं होतं. मी विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "घरून जमलं नाही." अकरा वर्षांचा हिशोब त्याने तीन शब्दांत मिटवला. आम्ही निघालो त्या दिवशी तो स्टेशनवर आला होता. मी खिडकीकडे पाठ करून बसलो. नंतर त्याची पत्रं आली, ती मी न फोडता कपाटात टाकली.

रायपुरात आमची कचेरी एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटली होती. माझं टेबल जिथे लावलं होतं तिथे पूर्वी खाटा असाव्यात, कारण भिंतीवर रंगाखालून आकडे दिसायचे. बढती बिढती काही मिळाली नाही. राहायला आम्ही चौबे कॉलोनीत, बायकोच्या माहेरी वरच्या मजल्यावर. सासरे गेलेले, सासूबाई एकट्या आणि त्यांची नजर अधू झालेली. लोक म्हणायचे, चांगली सोय झाली. मीही म्हणायचो, हो, सोय झाली. कचेरीतून आलो की गॅलरीत खुर्ची टाकून बसायचो आणि जेवायला हाक येईपर्यंत उठायचो नाही. हा आजार आहे असं मला कधी वाटलं नाही. मला राग आला होता आणि त्या रागाला कारण होतं. कोणी दगा दिला म्हणून माणूस चिडला, तर त्याला डॉक्टर कशाला लागतो?

तर मी बायकोच्या सोबत गेलो. जाताना डोक्यात नाही नाही ते होतं. हिरवे पडदे असतील, विजेचे झटके द्यायचं यंत्र असेल, बाहेर बाकावर स्वतःशीच बडबडणारी माणसं बसलेली असतील आणि त्यांच्यात आपल्या ओळखीचं कोणी निघालं तर काय सांगायचं? रस्ताभर मी एक बहाणाही जुळवून ठेवला होता. प्रत्यक्षात तलावाच्या बाजूला पहिल्या मजल्यावर एक साधी खोली निघाली. वेताच्या तीन खुर्च्या, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा. भिंतीवरचं घड्याळ अशा जागी होतं की मॅडमनाही दिसावं आणि आम्हालाही. मॅडम चाळिशीच्या, सुती साडीतल्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांना मराठी अजिबात येत नव्हतं.

मी बाहेरच थांबत होतो, पण त्या म्हणाल्या, दोघंही आत या. बसल्यावर त्यांनी शांतपणे सगळं सांगून टाकलं. बैठक पन्नास मिनिटांची. औषध मी देत नाही, गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवीन. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. कोणाच्या जिवाला धोका दिसला तरच मला दुसऱ्या कोणाशी बोलावं लागेल, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. कोण बरोबर कोण चूक हे मी ठरवणार नाही. एकदोन वेळा येऊन फरक पडेल असं समजू नका. कधी कधी इथून गेल्यावर आधीपेक्षा जास्त त्रास होईल, तेव्हा घाबरू नका, पुढच्या वेळी येऊन मला सांगा. माझ्याशी जमत नाही असं वाटलं तर तसंही सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. प्रत्येक वाक्याला मी बायकोच्या वतीने मान डोलावत होतो.

मग पन्नासातली चाळीस मिनिटं मीच बोललो. ही पहाटेच उठून बसते, भाजीत मीठ दोनदा घालते, हाक मारली की दचकते. बायको मांडीवरच्या पर्सचा बंद पिळत बसली होती. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "और आप? आप कैसे हैं?"

"मैं एकदम ठीक हूँ. मैं तो साथ में आया हूँ."

मॅडमनी बायकोकडे पाहिलं. बायको पाणी पीत होती.

दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, आज एकेकट्याशी बोलू, आणि आधी मलाच आत घेतलं. मला ते रास्तच वाटलं. रोग्याची खरी माहिती घरच्या माणसाकडूनच मिळते. मी तयारीनिशी गेलो होतो. कचेरीत करतो तशी व्यवस्थित नोटशीट लिहून नेली होती, डावीकडे समास सोडून, परिच्छेदांना आकडे घालून. विषय: पत्नीच्या प्रकृतीबाबत. सात परिच्छेद झाले होते. मॅडमनी ती वाचली, हसल्या नाहीत, फाइलला लावली आणि पुन्हा माझ्याबद्दलच विचारू लागल्या. भोपाळ कसं होतं? तिथे कोण होतं? मी म्हटलं, भोपाळचा इथे काय संबंध? पण मित्राच्या डब्यातल्या भरल्या वांग्यांबद्दल मी पाचएक मिनिटं बोललो आणि नंतर स्वतःवरच चिडलो.

तिसऱ्या वेळी बायको दाराबाहेरच थांबली. म्हणाली, डोकं दुखतंय, तुम्हीच बोलून या. मी आत गेलो. मॅडमनी काहीतरी लिहायला समोरची फाइल उघडली. आता, तेराचौदा वर्षं बाबूगिरी केलेल्या माणसासमोर फाइल उघडू नये. साहेबांच्या टेबलापलीकडे उभं राहून, उलटा कागद सुलटा असल्यासारखा वाचायची आमची सवय असते. त्यावरच तर आमचं अर्धं आयुष्य चालतं.

पहिल्या पानावर फॉर्म होता. नावाच्या रकान्यात माझं नाव होतं. वय माझं. हुद्दा माझा. अक्षर बायकोचं. 'परेशानी' या रकान्यात तिने हिंदीत लिहिलं होतं: दो साल से किसी से ठीक से बोलते नहीं. हँसते नहीं. दोस्त की चिट्ठियाँ खोलते नहीं. आणि त्याखाली आणखी एक रकाना होता, 'साथ में कौन'. त्यापुढे: पत्नी.

मी ते दोनदा वाचलं. मग बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? मॅडमचा चेहरा खरोखरच उतरला. त्या म्हणाल्या, "आपको मालूम नहीं था? उन्होंने फ़ोन पर कहा था कि आपको सब पता है." मग लगेच म्हणाल्या, पहिल्याच दिवशी मी हे स्वतः तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही 'साथ में आया हूँ' म्हणालात तेव्हाच थांबायला हवं होतं. ही माझी चूक आहे. माझ्या नोकरीत मी कुठल्याही अधिकाऱ्याला असं म्हणताना ऐकलं नव्हतं, पण त्या क्षणी मला त्याचं काही कौतुक नव्हतं. तीन आठवडे मी मोठा समजूतदार नवरा होऊन मिरवत होतो आणि या दोन बायका मला तपासत होत्या.

बाहेर बायको उभीच होती. माझं तोंड पाहून तिला कळलं. "अहो, ऐका तर..." मी ऐकलं नाही. स्कूटर काढली आणि तिला तिथेच सोडून निघून आलो. ती टेम्पोने आली, तासाभराने. उन्हाने लाल झालेली. मला आज त्याची लाज वाटते, पण त्या दिवशी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटलं होतं, बरं झालं.

"काय झालं जावईबापू?" सासूबाईंनी खालून विचारलं. "तुमच्या लेकीले विचारा," म्हणून मी वर गेलो.

आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही. ताट वाढलं की जेवायचो, इस्त्रीचे कपडे घालून कचेरीत जायचो. राग फसवलं याचा होताच, पण त्याहून जास्त याचा होता की तिने बरोबर माझी दुखरी नस शोधून तिथून मला नेलं. मी वेडा आहे असं ती तोंडावर म्हणाली असती तर मी भांडलो असतो, आणि कदाचित गेलोही असतो. पण तिने माझ्याकडे मदत मागायचं नाटक केलं. दोन वर्षांनी कोणीतरी आपल्याकडे मदत मागतंय म्हणून मी खूश होऊन स्कूटर पुसली होती. ते आठवलं की कानशिलं तापायची.

पुढच्या गुरुवारी कचेरी सुटल्यावर मी तेलीबांध्याला गेलो, एकटाच. कशासाठी, तर नोटशीट परत घ्यायला. माझ्या हस्ताक्षरातला कागद त्या फाइलीत राहू द्यायचा नव्हता. मॅडमनी तो लगेच काढून दिला. म्हणाल्या, फाइलही बंद करायची असेल तर सांगा. आणि बसायचं असेल तर अजून चाळीस मिनिटं आहेत. मी उभाच होतो. "आप लोग सब मिले हुए हैं," मी म्हणालो.

"सब कौन?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नावर मी बसलो. आणि मित्राची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. फॉर्म, यादी, 'घरून जमलं नाही', स्टेशन, खिडकी. सांगता सांगता आवाज फाटला. कागदी रुमालांचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला नाही, तो होता तिथेच होता, मीच हात लांब केला. रडल्यावर हलकं वाटतं असं म्हणतात, मला मात्र नुसता थकवा आला होता. त्यांनी एकच विचारलं, त्याने असं का केलं हे तुम्ही त्याला कधी विचारलंत? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? जाताना त्या म्हणाल्या की तुमची इच्छा असेल तर, आणि तरच, पुढच्या वेळी पत्नीसमोर हे बोलून पाहा. या वेळी निदान मला विचारलं तरी होतं.

मी घरी जाऊन तिला सांगितलं, गुरुवारी यायचं आहे. आठवडाभरातलं ते माझं पहिलं वाक्य. ती "हव" म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली.

गुरुवारी मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी ती शेजारच्या खुर्चीत असताना. मुद्दाम जोर देऊन सांगितली. तिलाही कळू दे, दगा दिल्यावर माणसाचं काय होतं ते. मी 'टेबलं शेजारीशेजारी लावून घेऊ' इथवर आलो आणि ती मध्येच म्हणाली, मराठीत, "बस करा. त्यांचा काही दोष नाही त्याच्यात. मीच सांगितलं होतं त्यांले."

मला आधी कळलंच नाही. ती पर्स खाली ठेवून सांगू लागली. फॉर्म आले त्या आठवड्यात तिने एसटीडी बूथवरून माझ्या मित्राच्या घरी फोन केला होता. आई एकटी आहे, डोळे जाऊन राहिले, मी एकुलती एक, हे माझं ऐकणार नाहीत पण तुमचं ऐकतील, म्हणाली होती. तो म्हणाला, वहिनी, पण मला स्वतःला नाही जमणार. तरी तुम्ही येता म्हणा, ती म्हणाली, नाहीतर हे हलणार नाहीत. आणि हे यांना कधी सांगायचं नाही अशी त्याला शपथ घातली. "त्यांनी कध्धीच नाही सांगितलं. तुम्ही गाडीत पाठ करून बसले, तवा मी त्यांच्याकडं पाहून राहिली होती. मले तेव्हापासून झोप नाही. ते खोटं नाही बोलले मी तुमाले."

माझ्या आयुष्यात माझ्या दोन सगळ्यात जवळच्या माणसांनी मिळून माझी फाइल माझ्या पाठीमागे चालवली होती. टिपणी हिची, सही त्याची, आणि अंमलबजावणी माझ्यावर. दोन वर्षं मी ज्याला शिव्या घातल्या तो माणूस माझ्या बायकोची शपथ पाळत बसला होता, आणि जी माझ्यासमोर रोज ताट वाढत होती ती सगळं जाणून गप्प होती. ती रोज माझी पाठमोरी खुर्ची बघत होती. एकदा बोलली असती तर मी किमान ती पत्रं तरी फोडली असती!

मी ओरडलो. त्या खोलीत, तलावाच्या बाजूची खिडकी उघडी असताना ओरडलो. हिंदी, कचेरी, मॅडम सगळं विसरून लहानपणची बोली तोंडात आली. "तुले मले विचारता नाही आलं? काहून नाही विचारलं? मी काय मारणार होतो तुले?"

मॅडमनी मला थांबवलं नाही. बायकोचाही आवाज चढला नाही.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "तीनदा विचारलं. एकदा तुम्ही पेपर वाचत होते तवा. एकदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आपण गाडीनं परत जाऊन राहिलो होतो तवा. आणि एकदा तो फॉर्म आपल्या टेबलावर पडला होता, तवा. मी म्हटलं, आईसाठी रायपूर लिहायचं का? तिन्ही बारी तुम्ही म्हणाले, पाहू."

मी आठवायचा प्रयत्न केला. गाडी आठवली. इटारसीला घेतलेली केळी आठवली, खिडकीची जागा मला मिळाली होती हे आठवलं. तिने काही विचारल्याचं आठवेना. आणि ती खोटं बोलत नाही हे मात्र मला ठाऊक होतं, कारण 'पाहू' हा शब्द माझाच होता. त्यात हो नसतं, नाही नसतं. समोरच्याने त्यानंतर गप्प बसायचं असतं, आणि ती वीस वर्षं बसत आली होती. माझा राग तसाच होता, एक कणही कमी झाला नव्हता. फक्त तो घेऊन कोणाकडे जावं ते समजत नव्हतं.

मॅडम एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "मुझे मराठी नहीं आती. ये क्या कह रही हैं?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. सांगायचं मलाच होतं.

"कह रही हैं कि मुझसे पूछा था," मी म्हणालो.

"और आपने क्या कहा था?"

"मैंने कहा, देखेंगे." आणि मग, त्यांनी विचारलेलं नसताना, मी म्हणालो, "तीनों बार."